सिमेंटचे पत्रे उतरवताना घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात नाही : बडोद्यातल्या शेडवाल्यांसाठी सविस्तर

मकरपुरा जीआयडीसी (सरकारी औद्योगिक वसाहत) घ्या, गोरवा घ्या, नाहीतर वाघोडिया-पोरकडच्या जुन्या शेडी घ्या, डोकं वर करून बघितलं की सिमेंटचे पन्हाळी पत्रेच दिसतात, काळे पडलेले, शेवाळ धरलेले, मधेमधे डांबर फासलेलं. हे पत्रे म्हणजे सिमेंट आणि राखेत ॲस्बेस्टॉसचे तंतू घालून केलेला माल, तंतूंचं प्रमाण साधारण ८ ते १० टक्के. आता बरेच मालक ते काढून कलर कोटेड पत्रे टाकतायत आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो, शेड किती दिवस बंद ठेवायची? मालकाला तीन दिवसात हवं असतं, ठेकेदार म्हणतो शेठ दोन दिवसात करून देतो, आणि मग वर चढून हातोड्याने पत्रे फोडायचे, तुकडे खाली टाकायचे, ट्रॅक्टरमध्ये भरायचे आणि संध्याकाळी सगळं झाडून घ्यायचं.

माझं म्हणणं असं आहे की वेळ वाचवायच्या जागा भरपूर आहेत, पण त्या सगळ्या पत्र्याला हात लावायच्या आधीच्या आणि पत्रा खाली आल्यानंतरच्या आहेत. मधला जो पत्रा सोडवून उचलायचा भाग आहे तिथे घाई केली की पत्रा फुटतो, आणि फुटलेल्या पत्र्याची साफसफाई धड करायची म्हटली तर वाचलेला सगळा वेळ परत जातो. साफसफाई धड केलीच नाही तर वेळ वाचतो खरा, पण त्याची किंमत मजूर भरतो आणि त्या शेडमध्ये पुढची १० वर्षं काम करणारा माणूस भरतो.

धोका नक्की कसला ते दोन मिनिटात सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं उगाचचं वाटेल. अख्खा, धड पत्रा तसा शांत असतो, तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात. फोडला, घासला, कापला, ड्रिल मारलं की तंतू सुटतात आणि ते इतके बारीक असतात की दिसत नाहीत, वास नाही, लगेच खोकलाही येत नाही. त्यातून होणारे आजार म्हणजे ॲस्बेस्टॉसिस (फुफ्फुसं कडक होत जाणं), फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर), आणि ते निघायला २०-४० वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्याच प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला कॅन्सरकारक म्हटलंय, आपल्या पत्र्यात असतो तो पांढरा क्रायसोटाइलसुद्धा त्यात आला. बिडी-सिगरेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका तर कितीतरी पटीने वाढतो. युरोपियन युनियनने २००५ पर्यंत वापर बंद केला, अमेरिकेने क्रायसोटाइलवर २०२४ मध्ये बंदी आणली, आपल्याकडे पत्रे अजून बनतात आणि विकले जातात.

दुसरा धोका त्याच दिवशी जीव घेणारा आहे. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेण्यासाठी नसतोच. जुना पत्रा वरून दणकट दिसतो आणि पाय पडला की सरळ आरपार, खाली २० फुटांवर काँक्रीट किंवा लेथ मशीन. म्हणून या कामात सेफ्टी म्हणजे नुसता मास्क असं धरून चालू नका.

आधी ठरवा, काढायचेच आहेत का

पत्रे धड असतील, गळती दोन-चार ठिकाणीच असेल, तर काढायची घाई नको. वरून ब्रश किंवा हळू स्प्रेने कोटिंग मारता येतं, किंवा नवीन पर्लिन (पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या पट्ट्या) टाकून जुन्या छतावर दुसरं छत चढवता येतं, अर्थात कैच्यांना, म्हणजे छत तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना, ते वजन झेपतं का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घेऊन. यात शेड जवळजवळ बंदच ठेवावी लागत नाही. मात्र कोटिंगच्या नावाखाली कोणी प्रेशर वॉशरने शेवाळ काढून देतो म्हणाला तर हाकलून द्या, कारण जोराच्या पाण्याने पत्र्याचा वरचा थर सुटतो आणि तो चिखल अंगणात, गटारात, शेजाऱ्याच्या भिंतीवर सगळीकडे जातो.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही याची टेस्ट करायची असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला नमुना द्या. आधीच तुटलेल्या कोपऱ्यावर पाणी मारून अंगठ्याएवढा तुकडा पकडीने काढायचा, दोन झिप पिशव्यांत घालायचा आणि तुटलेल्या जागेवर रंग फासायचा. पण जुने पन्हाळी सिमेंट पत्रे असतील तर मी म्हणेन टेस्टमध्ये दिवस घालवू नका, ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच पुढची तयारी करा.

एक मात्र नीट बघा. जुन्या बॉयलर हाऊसमध्ये पाइपवर पांढरं कापसासारखं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) असेल, भट्टीच्या दाराला दोरीसारखं गास्केट असेल, तर तो प्रकार वेगळा. तो हाताने चुरला जातो आणि पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त तंतू सोडतो. त्याला बंदिस्त प्लास्टिकची खोली, आतली हवा फिल्टरमधून ओढणारं मशीन आणि त्या कामातली जाणकार माणसं लागतात. पत्रे काढणाऱ्या टोळीला "जाता जाता तेवढं पण काढून टाका" असं कधीही सांगू नका.

तारीख ठरवताना

आपल्याकडे सगळ्यांना दिवाळीच्या सुट्टीतच करायचं असतं, धनतेरसला कारखाना बंद, लाभपाचमला मुहूर्त, मधे छत बदलून घेऊ. कागदावर छान दिसतं, पण नेमकं तेव्हाच दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे कारीगर गावी जातात, ठेकेदार मिळेल ती माणसं पाठवतो ज्यांनी हे काम कधी केलेलं नसतं, आणि लाभपाचमची तारीख तर हलत नाही. अनोळखी माणसं आणि न हलणारी तारीख, या कामाला यापेक्षा वाईट जोडी नाही. होळीच्या आसपासही तेच.

लाभपाचमनंतर ते होळीच्या आधी हा काळ सगळ्यात बरा, उत्तरायणचे दोन दिवस सोडून. हवा थंड असते, आणि थंडीचा संबंध थेट मास्कशी आहे. एप्रिल-मेमध्ये ४०-४२ डिग्रीत, वर तापलेलं छत, अंगात प्लास्टिकसारखा सूट, तोंडाला रबरी मास्क, अर्ध्या तासात माणूस मास्क गळ्यात उतरवणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी ६ ते १० एवढंच काम धरा आणि दिवस त्या हिशोबाने वाढवा. जूनमध्ये सुरू करू नका, पाऊस येणार या भीतीने शेवटच्या दोन दिवसात सगळे नियम गुंडाळले जातात.

दिवसांचा हिशोब खरा मांडा

उदाहरण घेऊ. ३० मीटर बाय २० मीटरची शेड, म्हणजे ६०० चौरस मीटर. ३ मीटर लांब, १.०५ मीटर रुंद पत्रा, ओव्हरलॅप वजा केले की एक पत्रा साधारण पावणेतीन-तीन चौरस मीटर झाकतो, म्हणजे उतार धरून २१५ च्या आसपास पत्रे. एका पत्र्याचं वजन ४० किलोच्या वर, म्हणजे सगळे मिळून ९ टन माल उतरवून, गुंडाळून, चढवून द्यायचाय. आठ जणांची सवय असलेली टोळी, खाली पॅकिंगला वेगळी माणसं, लिफ्ट भाड्याने घेतलेली, तर दिवसाला ४०-४५ पत्रे धरा. म्हणजे पाच दिवस उतरवायला, त्याच्या आधी एक दिवस झाकाझाकीला, नंतर एक दिवस साफसफाईला. सात दिवस.

आता हे सात दिवस शेड पूर्ण बंद ठेवायची गरज आहे का, तर बहुतेक वेळा नाही. खरा वेळ इथे वाचतो. काम कैचीप्रमाणे गाळ्यागाळ्याने करा (गाळा म्हणजे दोन कैच्यांमधला भाग), एक गाळा उघडा, साफ करा, तपासा, नवीन पत्रे टाका, मग पुढचा. चालू भाग आणि कामाचा भाग यांच्यामध्ये छतापासून जमिनीपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा लावा, कडा टेपने बंद करा, आणि मधला एक गाळा रिकामा ठेवा. म्हणजे प्रॉडक्शन अर्धं तरी चालू राहतं आणि मालक काम बघणाऱ्याच्या डोक्यावर बसत नाही. शेठला "सात दिवस बंद" सांगितलं तर तो दुसरा ठेकेदार शोधेल, "दहा दिवस, पण अर्धी शेड चालू" सांगितलं तर ऐकेल.

कागद आधी हलवा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो

काम अडकतं ते छतावर कमी आणि गेटवर जास्त. पत्रे उतरले, गुंडाळले, आणि आता न्यायचे कुठे हेच ठरलेलं नाही, मग ते आठवडाभर अंगणात पडतात, प्लास्टिक फाटतं, कोणीतरी चार पत्रे उचलून नेतो. म्हणून तारीख ठरायच्या आधी जीपीसीबीच्या, म्हणजे गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, रीजनल ऑफिसमध्ये जाऊन या मालाची विल्हेवाट कशी करायची ते लेखी विचारून घ्या. माल टीएसडीएफमध्ये, म्हणजे घातक कचरा पुरायच्या अधिकृत जागेत जायला हवा, आणि त्यासाठी तिथली मेंबरशिप, अधिकृत गाडीवाला आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांमधला फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे गेला याच्या नोंदीचा कागद) लागतो. केमिकलवाल्या कंपन्यांकडे ही मेंबरशिप आणि एक्सजीएन या जीपीसीबीच्या ऑनलाइन पोर्टलचं लॉगिन असतंच, पण साध्या इंजिनिअरिंग शेडवाल्याकडे नसतं, आणि ते होईपर्यंत दिवस जातात. ॲस्बेस्टॉसचा कचरा कसा हाताळायचा यावर आयएस ११७६८ हे भारतीय मानकही आहे, ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये त्याचा उल्लेख टाका म्हणजे नंतर "आम्हाला सांगितलं नव्हतं" हे बोलणं बंद होतं.

पैसे कशावर द्यायचे

मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा वाटतो आणि याच्यावर कोणी बोलत नाही. उक्तं काम दिलं, म्हणजे छत उतरवायचे एवढे, की ठेकेदाराचा फायदा फक्त लवकर संपवण्यात. रोजावर दिलं की फायदा लांबवण्यात. आणि आपल्याकडे तिसरी पद्धत फार चालते, "जुना माल ठेकेदाराचा", म्हणजे मजुरी कमी घेतो पण पत्रे तो नेणार. मग धड पत्रे तो कोणाच्या तबेल्यावर, झोपडीवर, गावच्या घरावर विकतो आणि फुटके रात्रीचे विश्वामित्री नदीच्या कोतरात जातात. बऱ्याचदा मजूरच ते स्वस्तात घेऊन आपल्या घरावर टाकतात, आणि त्याच घरात त्यांची पोरं वाढतात. हे मला बघवत नाही. जुना माल ठेकेदाराचा ही अट वर्क ऑर्डरमध्ये कधीच येऊ देऊ नका.

त्याऐवजी रेट पत्र्यावर ठरवा, आणि तोही अख्खा, गुंडाळलेला, लेबल लावलेला पत्रा मोजून. उतरवताना फुटलेल्या पत्र्याला निम्मा रेट. आधीच तडकलेले पत्रे सुरुवातीला ठेकेदाराबरोबर फिरून मोजून घ्यायचे आणि खडूने खूण करायची, म्हणजे वाद नको. साफसफाईचे पैसे वेगळे आणि तपासणी पास झाल्यावरच. एवढं केलं की काय होतं, मुकादम स्वतःच ओरडायला लागतो की हळू, कोपरा लागेल. वेग आणि सेफ्टी एकाच बाजूला येतात, आणि सुपरवायझरला दिवसभर पोलिसगिरी करावी लागत नाही.

मुकादमाला अजून एक अधिकार लेखी द्या, काम थांबवायचा. पत्रा हातात हलायला लागेल इतका वारा, कोणाचा मास्क तुटला, पाणी संपलं, पत्रा फुटून खाली माणसं असलेल्या भागात पडला, या चार गोष्टींना काम थांबेल आणि त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही.

आदल्या दिवशीची तयारी

खालची मशीनं हलवता येतील ती हलवा, बाकीची प्लास्टिकने झाकून टेप मारा. जमिनीवर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक पसरा. पंखे, ब्लोअर, एक्झॉस्ट बंद. त्या गाळ्याची लाइट मेनवरूनच काढा, कारण वर पाणी मारायचंय आणि कैचीला लोंबकळणाऱ्या जुन्या वायरी कुठे उघड्या आहेत ते कोणालाच माहीत नसतं. शेजारच्या शेडला आधी सांगा, खिडक्या लावून घेऊ दे. गेटबाहेरच्या चहाच्या लारीवाल्यालाही तेवढे दिवस लारी लांब लावायला सांगा, त्याला कोणी विचारत नाही पण उडालेली धूळ पहिली त्याच्याकडे जाते.

हुकांना आदल्या संध्याकाळीच गंजाचं तेल मारून ठेवा, जमलं तर दोनदा. पत्रा धरणाऱ्या ‘J’ आकाराच्या हुकचा नट २०-२५ वर्षांत इतका धरलेला असतो की सकाळी पाना लावला तर पत्र्यासकट फिरतो, आणि तिथेच भोकाभोवती पत्रा तडकतो. रात्रभर मुरलेलं तेल असेल तर बरेच नट सरळ सुटतात. अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्तात वेळ वाचतो तो इथे.

छतावर जायचंच कशाला

शक्य असेल तिथे पत्रे खालून काढा, सीझर लिफ्टवर किंवा चाकाच्या परांचीवर उभं राहून. जीआयडीसीत लिफ्ट भाड्याने सहज मिळते, भाडं ऐकून मालक दचकतो, पण वर फळ्या सरकवत बसण्यातला वेळ वाचतो आणि माणूस पडायची भीती जवळजवळ संपते. वर जायलाच लागलं तर फळ्या किमान दोन पर्लिनवर टेकतील इतक्या लांब, पत्र्यावर थेट पाय कधीच नाही, बोल्टच्या रांगेवरून चाललं तर चालतं असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. फुल बॉडी हार्नेस, दोन दोऱ्या, लाइफलाइन कैचीला बांधलेली, आणि खाली जाळी.

उजेडासाठी मधेमधे टाकलेल्या फायबरच्या शीट्स हा तर सापळाच आहे. धूळ बसून त्या वरून हुबेहूब सिमेंटच्या पत्र्यासारख्या दिसतात. सकाळी शेडमध्ये आत उभं राहून बघा कुठून उजेड येतो, त्या जागा मोजा आणि वर चढणाऱ्या प्रत्येकाला चढायच्या आधी दाखवा.

पत्रा उतरवायची पद्धत

पाणी आधी. शेतात फवारणीला वापरतात तो पाठीवरचा बॅटरी पंप घ्या, टाकीत भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाका म्हणजे पाणी पत्र्यात मुरतं, नुसतं घरंगळत नाही. बारीक फवारा, जोर नाही. पत्रा ओला दिसला पाहिजे, धारा लागायला नकोत. पत्रा उचलला की त्याची खालची बाजू आणि ओव्हरलॅपची पट्टी लगेच परत भिजवा, कारण ओव्हरलॅपमध्ये वर्षानुवर्षांची भुकटी साठलेली असते आणि पत्रे वेगळे होताना तीच उडते. फवारायला एक माणूस वेगळाच ठेवा, त्याला दुसरं काहीच काम देऊ नका. ठेकेदार पहिला त्यालाच कमी करतो, तेवढं होऊ देऊ नका.

क्रम सोपा, जो शेवटी बसवला तो आधी निघणार. आधी रिजचे, म्हणजे छताच्या माथ्यावरचे पत्रे, मग सगळ्यात वरची रांग, मग खाली खाली. नट सुटला नाही तर बोल्ट कटरने हुक तोडा, शक्यतो खालच्या बाजूने. ग्राइंडर नको म्हणजे नकोच, चकती पत्र्याला लागली की धूळ होते आणि ठिणगी खालच्या प्लास्टिकवर पडते. हुक सुटला नसताना पत्रा हिसडा मारून ओढणं हे सगळ्यात जास्त पत्रे फुटण्याचं कारण आहे.

सुटलेला पत्रा दोघांनी दोन टोकांना धरून लिफ्टवरच्या लाकडी घोडीवर आडवा ठेवायचा, चार-पाच झाले की लिफ्ट खाली. टाकायचा नाही, घसरवायचा नाही. खाली दोन माणसं तयार पाहिजेत, म्हणजे वरची टोळी थांबत नाही. वरची माणसं वाढवून वेग येत नाही, एकमेकांच्या फळ्यांवर गर्दी होते फक्त. खाली पॅकिंगला दोन माणसं वाढवली तर मात्र लगेच फरक दिसतो.

खाली पॅलेटवर आधीच प्लास्टिक पसरून ठेवा, त्यावर २०-२५ पत्रे, म्हणजे साधारण एक टन, वरून प्लास्टिक दुमडून टेप, मग दुसरा थर, परत टेप. हायड्राने (छोट्या क्रेनने) किंवा फोर्कलिफ्टने एका उचलीत गाडीत जातं. लेबल गुजराती आणि हिंदीत लिहा, मोठ्या अक्षरात, कारण हाताळणारा माणूस तेच वाचतो. गाडीत बसत नाही म्हणून पत्रे मधून मोडायचे नाहीत, गाडी मोठी मागवा. फुटके तुकडे ओले करून दुहेरी जाड पिशव्यांत, पिशवी अर्धीच भरा कारण धारदार कडा प्लास्टिक फाडतात.

गटर विसरू नका. दोन उतारांच्या मधल्या गटरमध्ये जो काळा गाळ साठतो तो म्हणजे पत्र्यावरून धुऊन आलेले तंतू, शेवाळ आणि माती. तो वाळायच्या आत ओला असतानाच खरवडून पिशवीत भरा.

मास्क, सूट आणि चहाची सुट्टी

रुमाल, गमछा, हिरवा सर्जिकल मास्क, यातलं काही चालत नाही. पी१०० किंवा पी३ फिल्टरचा रबरी हाफ मास्क, नाहीतर किमान एफएफपी३. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही, कडेने हवा जाते, हे आधी सांगा म्हणजे माणूस घरूनच दाढी करून येईल. रोज सकाळी फिल्टरवर तळवे दाबून श्वास ओढून बघायचा, मास्क आत ओढला गेला तर ठीक. सूट एकदाच वापरायचा, टाइप ५ चा (बारीक धूळ अडवणारा), टोपीसकट. पायात लेसवाले बूट नको, धुता येतील असे गमबूट.

इथे एक खरी अडचण आहे आणि तिचं उत्तर आधी काढलेलं बरं. प्रत्येक चहा-पाण्याला सूट काढायचा, तोंड-हात धुवायचे, परत नवीन सूट, यात २०-२५ मिनिटं सहज जातात. मग माणसं काय करतात, सूटमध्येच झाडाखाली बसून मास्क उतरवून बिडी ओढतात. यावर उपाय म्हणजे दोन टोळ्या आलटून पालटून, दीड-दोन तासांची पाळी, एक टोळी वर असताना दुसरी धुऊन, पाणी पिऊन, सावलीत. लिफ्ट आणि पंप कधीच रिकामे राहत नाहीत आणि कोणाला ताणही नाही. पाणी पिण्यावर बंधन कधी घालू नका, पाळीच छोटी करा.

काढायचा क्रम पण पक्का ठेवा. आधी सूट ओल्या फडक्याने पुसायचा, मग उलटा गुंडाळत उतरवायचा, बूट धुवायचे, मास्क सगळ्यात शेवटी काढायचा, आणि मग आंघोळ किंवा निदान डोकं-तोंड-हात धुवायचे. वापरलेले सूट, फिल्टर, फडकी सगळं त्याच कचऱ्यात. कामाचे कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत. अंगावरच्या कपड्यांतून तंतू घरी जाऊन बायका आजारी पडल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत.

साफसफाई आणि तपासणी

झाडू बंद, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो बारीक तंतू मागच्या बाजूने खोलीत सोडतो. हेपा फिल्टरचा, एच क्लासचा व्हॅक्यूम भाड्याने मिळाला तर उत्तम, नाहीतर ओलं फडकं आणि ओला पोछा, आणि फडकं एकदा वापरून पिशवीत. पर्लिनच्या वरच्या बाजूला, कैचीच्या सांध्यात, केबल ट्रेमध्ये बघा, तिथेच राहिलेलं असतं. नवीन पत्रे चढायच्या आधीच हे पुसून घ्या, नंतर लिफ्ट परत आणावी लागते.

तपासणी अंधार पडल्यावर करा. टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला की दिवसा न दिसणारी धूळ आणि बारीक कपचे स्पष्ट दिसतात. एकही कपचा सापडला तर तो भाग परत ओला पुसायचा. ज्या शेडमध्ये खूप फुटाफूट झाली असेल किंवा जिथे खाण्याचा, औषधाचा माल बनतो तिथे लॅबकडून हवेचं मोजमाप करून घ्या. ब्रिटन आणि अमेरिकेत कामगारासाठी मर्यादा मिलिलिटरला ०.१ तंतू आहे, आणि ब्रिटनमध्ये काम संपल्यावर जागा परत वापरायला द्यायची तर ०.०१ च्या खाली यावं लागतं, हे आकडे समोर ठेवून रिपोर्ट वाचा.

घरावरचे चार-सहा पत्रे असतील तर

दांडिया बाजार, रावपुरा, वाडीकडे जुन्या घरांच्या गच्चीवर, गॅलरीवर असे थोडे पत्रे असतात. पद्धत तीच, पाणी, अख्खे काढणं, प्लास्टिक, मास्क, फक्त छोट्या प्रमाणात. घरातली पोरं आणि म्हातारी माणसं तेवढा दिवस दुसरीकडे पाठवा, खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत. पत्रे भंगारवाल्याला देऊ नका आणि सोसायटीच्या मागे टेकवून ठेवू नका. एकेकट्याला गाडी परवडत नाही, म्हणून गल्लीतल्या पाच-सात घरांनी मिळून एकदाच काढून घेतलं आणि एकाच गाडीत दिलं तर खर्च वाटला जातो. या बाबतीत शेजाऱ्याशी बोलायला लाजू नका, तोही बहुतेक याच विचारात असतो.

काम संपल्यावर फाइलमध्ये काय ठेवायचं

किती पत्रे निघाले, किती गुंडाळून गेले, मॅनिफेस्टची प्रत, टीएसडीएफची पावती, रोज कोण कोण वर होतं त्याची यादी, फोटो. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ ला ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं होतं की कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायची. तो आदेश पत्रे बनवणाऱ्यांसारख्या कारखान्यांसाठी होता, पण आजार इतक्या वर्षांनी निघतो तर पत्रे काढणाऱ्या माणसाकडेही तो कुठे, कधी, किती दिवस होता याचा एक कागद असायला हवा. म्हणून यादीची एक प्रत ठेकेदाराला द्या आणि प्रत्येक मजुराला त्याच्या नावाचं एक पान द्या, तारखा आणि जागेसकट.

आणि अर्धंच छत बदललं असेल तर उरलेल्या भागावर, चढायच्या शिडीपाशी, "ॲस्बेस्टॉसचे पत्रे, पाय ठेवू नका, ड्रिल मारू नका" असं गुजरातीत रंगवून घ्या आणि शिडीला कुलूप लावा. इलेक्ट्रिशियन, सीसीटीव्हीवाला, सोलरवाला, हे सगळे न विचारता वर चढतात, आणि उत्तरायणला तर पतंगाच्या मागे पोरंसुद्धा चढतात. कुलपाची किल्ली वॉचमनकडे ठेवा आणि कोण कशासाठी वर गेलं ते त्याच्या वहीत लिहायला लावा.